न्यूयॉर्क ते मुंबई : अंतर, वेळ आणि तिथी

अमेरिकेत स्थायिक झालेले अनेक मराठी भाविक आषाढी एकादशीस पंढरपूरला येण्याचा संकल्प करतात. मात्र प्रवासाचे अंतर, लागणारा वेळ आणि घड्याळांतील फरक यांचा एकत्रित विचार न झाल्यास सातासमुद्रापलीकडून येऊनही नेमक्या दिवशीचे दर्शन हुकते.

अंतर : न्यूयॉर्क व मुंबई यांमधील सरळ हवाई अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर आहे. सपाट नकाशावर आखलेली सरळ रेषा जवळची भासते. पण पृथ्वी गोल असल्याने त्या रेषेने गेल्यास सुमारे १,७०० किलोमीटर अधिक पडतात. सर्वांत जवळचा मार्ग उत्तरेकडे वळून सुमारे ६५ अंश अक्षांशापर्यंत जातो. वारे, हवामान व देशोदेशींच्या हवाई हद्दींचे निर्बंध यांनुसार प्रत्यक्ष मार्ग बदलतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा पश्चिमेकडील अनेक उड्डाणांना वळसा घ्यावा लागला.

वेळ : प्रवासी विमानाचा वेग ताशी सुमारे ९०० किलोमीटर असतो. उंचावरील वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यामुळे थेट विमानाने मुंबईस येताना साधारण साडेचौदा तास, तर परतताना सुमारे सोळा तास लागतात. वाटेत विमान बदलल्यास हा काळ बराच वाढतो.

घड्याळ : न्यूयॉर्कचे घड्याळ उन्हाळ्यात भारताच्या साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा तास. आषाढात न्यूयॉर्कहून शनिवारी दुपारी १२ वाजता निघालेले थेट विमान मुंबईस रविवारी दुपारी १२ च्या सुमारास उतरते. तेथून पंढरपूर रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरहून अधिक आहे. एकादशी रविवारी असल्यास पोहोचेपर्यंत रात्र होते आणि दर्शनाची रांग पुढेच राहते.

तिथी : तिथी सर्व जगात एकाच क्षणी लागते, परंतु दिवसाची तिथी स्थानिक सूर्योदयावरून धरली जाते. समजा, एकादशी भारतात शनिवारी सकाळी १० वाजता लागली. येथे शनिवारच्या सूर्योदयी दशमी असल्याने एकादशी रविवारी येते. त्या क्षणी न्यूयॉर्कमध्ये मात्र शनिवारची मध्यरात्र उलटून अर्धा तास झालेला असतो. म्हणून तेथे शनिवारीच एकादशी होते. यास्तव यात्रेची तारीख महाराष्ट्राच्या पंचांगावरूनच निश्चित करावी.

भाविकांनी एकादशीपूर्वी किमान दोन दिवस आधी मुंबईत पोहोचावे. वृद्ध माता-पित्यांसह येणाऱ्यांनी विश्रांतीसाठी आणखी एक दिवस राखावा. दहा-बारा तासांनी बदललेले झोपेचे चक्र लगेच रुळावर येत नाही, आणि थकलेल्या शरीराने तासन् तास रांगेत उभे राहणे कठीण जाते.