जुनी टर्बो गाडी: आधी तपासा, मग पार्ट बदला

गॅरेज सुरू करताय? मग हा धडा वहीत लिहून ठेवा.

समजा, जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आली. १.८ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन. तक्रार: गाडी झटके खाते, पिकअप नाही. लगेच "टर्बो गेला" म्हणू नका.

१. स्कॅनर लावा. पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. इथे प्रत्येक सिलिंडरला वेगळी इग्निशन कॉइल असते. इंजिन बंद करून दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइल अदलाबदल करा. कोड पुसा, गाडी चालवून बघा. आता पी०३०३ आला, तर कॉइलच खराब. पी०३०२च राहिला, तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन तपासा.

२. झटके थांबले, पण पिकअप नाही? टर्बोचे होस पाइप बघा. जुनं रबर तडकतं, हवा गळते.

आता धंद्याचं गणित. अंदाजाने महाग पार्ट टाकला आणि दोष तसाच राहिला, तर पैसे कोण देणार? पैसेही जातात, गिऱ्हाईकही जातं. म्हणून तपासणीचे पैसे वेगळे घ्या, आणि ते बॉनेट उघडण्याआधीच सांगा.

आजचा गृहपाठ: तुमचा तपासणीचा दर ठरवा आणि गॅरेजमध्ये पाटीवर लिहा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!