आजीची वाकळ कशी टिकेल?



पुण्याकडे जिला गोधडी म्हणतात तिलाच आपल्या कोल्हापूर भागात वाकळ म्हणतात. जुनी लुगडी व धोतरे यांचे थर एकावर एक पसरायचे, वर रंगीबेरंगी तुकडे जोडायचे आणि सगळे धावदोऱ्याने शिवून काढायचे, ही तिची रीत. थरांमध्ये हवा कोंडून राहते. हवा उष्णतेची मंदवाहक असल्याने अंगातील ऊब बाहेर जात नाही.

वाकळेचे वय ओळखता येईल काय? थोडेफार येते. पहिला कृत्रिम रंग, एक जांभळा रंग, पर्किनने १८५६ मध्ये शोधला. टेरिलीनचा शोध १९४१ चा. म्हणून वाकळेत टेरिलीनचा तुकडा असेल, तर ती त्यापूर्वीची असणे शक्य नाही. मात्र तो तुकडा मागाहून लावलेले ठिगळ तर नाही ना, हे टाके पाहून ठरवावे. गळून पडलेला एखादा धागा शिक्षकांसमोर चिमट्यात धरून जाळून पहा. सुती धागा कागदासारखा जळतो, रेशमाला केस जळाल्याचा वास येतो, टेरिलीन वितळून त्याचा कठीण मणी बनतो.

आता ती जीर्ण का होते ते पाहू. कापसाचा तंतू म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, म्हणजेच ग्लुकोजच्या हजारो रेणूंची साखळी. प्रकाश, विशेषतः जंबुपार किरण, ही साखळी तोडतात व रंगही उडवतात. लाकडी कपाटातून आणि वर्तमानपत्राच्या कागदातून आम्ले बाहेर पडतात, तीही हेच काम करतात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हवेची सापेक्ष आर्द्रता बराच काळ ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहते. मग बुरशी धरते. कसर लागते ती वेगळीच.

कधीकधी दोष कारखान्यातलाच असतो. १८७६ नंतरच्या दशकांत अमेरिकेत वेड्यावाकड्या रेशमी तुकड्यांच्या, भरतकाम केलेल्या गोधड्यांची लाट आली होती. त्या काळी रेशमाचे वजन वाढवण्यासाठी त्यात कथिलाचे क्षार मुरवीत. असे रेशीम आज हात लावताच फाटते. साधे सुती कापड मात्र पुष्कळदा टिकून आहे.

नवरात्रापूर्वी घरातील सारी अंथरुणे-पांघरुणे धुण्याची आपली प्रथा आहे. नित्याची वाकळ खुशाल धुवावी. परंतु साठ-सत्तर वर्षांपूर्वीची वाकळ नदीवर नेऊन आपटू नये. पाणी प्यायल्यावर तिचे वजन कितीतरी वाढते आणि आखूड झालेल्या साखळ्यांना तो भार पेलत नाही. पिळताना टाके तुटतात आणि एका धुण्यात पन्नास वर्षांचे काम जाते. ज्या आजीला अक्षरओळख नव्हती, तिच्या हातची खूण म्हणून कदाचित एवढेच टाके उरलेले असतात.

मग काय करावे?

१. वर जाळीचे कापड धरून मऊ ब्रशने धूळ हलकेच काढावी.

२. खळ काढलेल्या, धुतलेल्या पांढऱ्या मांजरपाटात गुंडाळावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, ती टाळावी.

३. शक्य तर जाड नळीवर मांजरपाट गुंडाळून त्यावर वाकळ गुंडाळावी. घडीच घालायची तर दर काही महिन्यांनी घडी बदलावी. नाहीतर त्याच रेषेवर कापड चिरते.

४. कोरड्या दिवशी सावलीत वारा द्यावा, उन्हात नव्हे.

५. कोणी, कधी, कोणाच्या लुगड्यांची शिवली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहून वहीत ठेवावे.

प्रयोग : गडद रंगाच्या सुती कापडाचा एक तुकडा घ्या. त्याचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाका व महिनाभर उन्हात ठेवा. दोन्ही भागांच्या रंगाची तुलना करा. असाच दुसरा तुकडा काचेमागे ठेवून पहा. काचेने रंग किती वाचला? बाकीचा का वाचला नाही? वर्गात चर्चा करा.