आत्मविश्वास आणि विस्ताराची मर्यादा

परभणी-पूर्णा लोहमार्गावरील पिंगळीसारख्या गावी सौर कृषिपंप बसविण्याचा व्यवसाय सुरू करू इच्छिणाऱ्या तरुणाने, पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉन कंपनीच्या वाटचालीचा अवश्य अभ्यास करावा.

कापड उद्योगातील विजेचा खर्च परवडेना, म्हणून तुलसी तांती यांनी स्वतःच्या गरजेपुरत्या पवनचक्क्या उभारल्या. त्या अनुभवातून १९९५ मध्ये सुझलॉनची स्थापना झाली. हे धाडस फळास आले. मात्र यशामुळे पुढील प्रत्येक निर्णयही तसाच फलदायी ठरेल, अशी उद्योजकाची धारणा होण्याचा संभव असतो. २००६ मध्ये बेल्जियमची हॅन्सन ही गिअरबॉक्स बनविणारी कंपनी ४६.५ कोटी युरोंना घेण्यात आली. २००७ मध्ये फ्रान्सच्या अरेवाशी चुरस करून जर्मनीच्या रीपॉवरवर ताबा मिळविण्यात आला. त्यासाठी मोठी कर्जे काढण्यात आली. मागणी वाढतच राहील, हे त्यामागील गृहीत होते.

२००८ च्या जागतिक अर्थसंकटाने ते खोटे ठरविले. त्याच सुमारास अमेरिकेत काही पवनचक्क्यांच्या पात्यांना तडे गेले. ऑक्टोबर २०१२ मध्ये परकीय चलनातील रोख्यांची परतफेड थकली. हॅन्सनमधील हिस्सा त्यापूर्वीच विकण्यात आला होता. २०१५ मध्ये रीपॉवरही विकावी लागली.

तांती यांची दूरदृष्टी निर्विवाद होती. उणीव राहिली ती प्रतिकूल काळाच्या हिशेबात. म्हणून कर्ज घेण्यापूर्वी, मागणी निम्म्यावर आली आणि देयके सहा महिने रखडली तर हप्ते कसे फेडणार, याचा आराखडा उद्योजकाने कागदावर मांडावा व तो स्पष्ट मतभेद व्यक्त करू शकणाऱ्या जाणकाराकडून तपासून घ्यावा.