घशाचा आजार आणि मुलांचे हृदय

हृदयविकार हा उतारवयातील, सुखवस्तू माणसांचा रोग होय, असा सार्वत्रिक समज आहे. परंतु हृदयाचा एक विकार असा आहे की, तो बहुधा ५ ते १५ वर्षे वयाच्या मुलामुलींत मूळ धरतो आणि ऐन तारुण्यात त्यांना अंथरुणास खिळवितो. दाटीची वस्ती, अपुरी घरे आणि दवाखान्याचे अंतर यांच्याशी त्याचा निकटचा संबंध आहे. म्हणून आदिलाबाद जिल्ह्यातील, विशेषतः उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूर या भागांतील पालकांनी व आश्रमशाळांच्या शिक्षकांनी त्याची ओळख करून घेणे अगत्याचे आहे. या विकारास संधिज्वरजन्य हृदयरोग म्हणतात. तो टाळता येतो, हे येथे प्रथमच सांगितले पाहिजे.

रोगाची वाटचाल

रोगाचा आरंभ घशात होतो. स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूंमुळे घसा सुजतो, गिळताना दुखते, ताप येतो. चार-सहा दिवसांत मूल बरे दिसू लागते आणि घरची माणसे ते दुखणे विसरून जातात. मात्र काही मुलांत दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा ताप येतो. गुडघा, घोटा, कोपर असे मोठे सांधे एकामागून एक सुजतात. हाच संधिज्वर, म्हणजे डॉक्टरांचा ‘ऱ्हुमॅटिक फीव्हर’. जंतूंचा प्रतिकार करण्यासाठी शरीराने निर्माण केलेली द्रव्ये या रोगात स्वतःच्याच हृदयावर उलटतात. सांध्यांची सूज ओसरते. हृदयाच्या झडपांवर मात्र व्रण राहतात. झडप आकसते किंवा गळू लागते. ज्वर पुन्हा उलटला की प्रत्येक वेळी ही इजा वाढते.

लक्षणे

पुढे चालताना किंवा काम करताना धाप लागणे, छातीत धडधडणे, उताणे निजता न येणे, पायांवर सूज येणे ही लक्षणे दिसतात. काही तरुण स्त्रियांत आकसलेल्या झडपेचा पत्ता प्रथम गरोदरपणातच लागतो. कारण त्या काळात हृदयावरील भार वाढतो आणि मातेच्या जिवास धोका संभवतो.

शिक्षकांनी आणखी एक लक्षण ध्यानात ठेवावे. काही मुलांचे हातपाय या रोगात आपोआप हलू लागतात, हातातील वस्तू पडते, चांगले अक्षर एकाएकी बिघडते. अशा मुलास शिक्षा न करता डॉक्टरांकडे पाठवावे.

उपाय

सर्दी-खोकल्यासह होणारी घशाची दुखी बहुधा साधी असते. परंतु ताप व गिळताना वेदना असतील, तर आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. डॉक्टरांनी पेनिसिलिन वर्गातील गोळ्या १० दिवसांच्या दिल्या असतील, तर बरे वाटले म्हणून त्या मध्येच सोडू नयेत. पेनिसिलिन हे महागडे औषध नव्हे. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ सालीच त्याच्या उत्पादनासाठी सरकारी कंपनी स्थापन झाली होती.

ज्यास एकदा संधिज्वर झाला, त्याने दर २१ दिवसांनी दीर्घकाळ टिकणाऱ्या पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावयाचे असते. हृदय निर्दोष असले तरी निदान ५ वर्षे आणि वयाची १८ ते २१ वर्षे पूर्ण होईपर्यंत. झडपेस इजा झाली असल्यास १० वर्षे वा त्याहून अधिक, क्वचित जन्मभर. पूर्वी औषधाची वावडी आली असल्यास ते डॉक्टरांस आधी सांगावे.

खरी चूक येथेच होते. मूल हिंडू-फिरू लागते आणि इंजेक्शन अनावश्यक वाटू लागते. दंडारीच्या दिवसांत किंवा कापूस वेचणीच्या हंगामात मूल वसतिगृहातून घरी जाते, तारीख चुकते, आणि रोग पुन्हा उलटतो. यावर सोपी युक्ती आहे. २१ दिवस म्हणजे नेमके तीन आठवडे. त्यामुळे इंजेक्शनचा वार कधीच बदलत नाही. रविवार सोडून आठवडी बाजाराचा दिवस त्यासाठी ठरविल्यास दर तिसऱ्या बाजारास आठवण राहते. सुट्टीवर जाणाऱ्या विद्यार्थ्याचे कार्ड त्याच्या गावच्या आशा कार्यकर्तीकडे पोहोचविण्याची व्यवस्था मुख्याध्यापकांनी करावी.

उपलब्ध सोयी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि तिच्या रोगयादीत हा हृदयरोग समाविष्ट आहे. आदिलाबाद येथे २००८ पासून रिम्स हे वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. शस्त्रक्रियेची वेळ आल्यास आरोग्यश्री योजनेचे साहाय्य मिळू शकते. तेलंगणात तिची मर्यादा २०२३ मध्ये १० लाख रुपये करण्यात आली.

तथापि बदललेली झडप ही मूळ झडपेची बरोबरी करू शकत नाही. वेळेवर ओळखलेला घशाचा आजार आणि न चुकलेला एकविसावा दिवस यांनीच मुलाचे हृदय सुरक्षित राहील. पालक, शिक्षक आणि आरोग्य कर्मचारी या तिघांनी हे काम आपले मानले, तर गावातील एकही मूल या रोगाने अपंग होण्याचे कारण नाही.