वर्गातील बोली आणि शाळेतील शांतता

प्रमाणभाषा आणि बोली यांचा संबंध शाळेच्या वर्गात कसा प्रत्ययास येतो, हे प्रस्तुत उपघटकात पाहावयाचे आहे.

अकोला किंवा अमरावती जिल्ह्यातील एखादे मूल वर्गात म्हणते, ‘मले समजलं नाही.’ दुसरे म्हणते, ‘डोया दुखून राहिला.’ वर्ग हसतो, शिक्षक ‘मला म्हण, डोळा म्हण’ असे सांगून पुढे जातात आणि मुलाची शंका तशीच राहते. असे मूल पुढे गप्प बसते किंवा मधल्या सुट्टीत हसणाऱ्यांच्या अंगावर धावून जाते. त्याला आपण बेशिस्त म्हणतो. तिचे मूळ मात्र त्या हशात असते.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने या वाक्यांत चूक नाही. ‘ला’ऐवजी ‘ले’, ‘ळ’च्या जागी ‘य’ आणि चालू क्रियेसाठी ‘-ऊन राहणे’ ही वऱ्हाडीची नियमबद्ध वैशिष्ट्ये होत. मेळघाटातील कोरकू मुलांचा प्रश्न याहून कठीण आहे. कोरकू ही मुंडा गटातील स्वतंत्र भाषा असल्याने शाळेची मराठी त्यांना मुळापासून शिकावी लागते.

अशा वेळी विद्यार्थिकेंद्री पद्धती उपयोगी पडते. फळ्यावर ‘घरचा शब्द’ आणि ‘पुस्तकातील शब्द’ असे दोन रकाने आखावेत. शब्द मुलांनीच सांगावेत. ‘काया–काळा’, ‘डोया–डोळा’ या जोड्यांतील नियमही त्यांनीच गटात शोधावा. ज्या उच्चाराला काल हसू आले, तोच आज अभ्यासाचा विषय होतो आणि तो उच्चारणारे मूल गटाचे जाणकार ठरते. कोरकू शब्दांसाठी तिसरा रकाना जोडता येईल. तेथे शिक्षकानेही विद्यार्थी व्हावे.

यामुळे प्रमाणभाषा मागे पडेल, अशी शंका घेतली जाते. परंतु येथे प्रमाणरूप वगळायचे नसून क्रम बदलायचा आहे: आधी शंकेचे उत्तर, मग रूपाची चर्चा. कोठे कोणते रूप योजावे, हे कळणे हेही भाषाशिक्षणच होय.

शिक्षण हक्क कायदा, 2009 याच्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षेप्रमाणेच मानसिक छळासही मनाई आहे. कलम 29 मध्ये बालककेंद्री अध्ययन, शक्य तेथवर मातृभाषेतून शिक्षण आणि भयमुक्त वातावरण यांचा एकत्रित उल्लेख आहे. या तीन गोष्टी परस्परांवर अवलंबून आहेत, हे वरील विवेचनावरून आपल्या लक्षात येईल.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न: आपल्या परिसरातील बोलीचे पाच शब्द घेऊन वरीलप्रमाणे एक वर्गकार्य तयार करा.