"सहा महिने झाले"

तूर घरात आली की कर्नाटकातल्या आमच्या भालकीत चार पैसे दिसतात. त्याआधीचे महिने उसनवारीवर जातात. अशाच एका पावसाळ्यात ओळखीच्या एजंटाबरोबर बीदरवरून जाणाऱ्या गाडीनं हैदराबादला गेलो. औषधाची चाचणी: दोन मुक्काम, जेवण फुकट, थोडं रक्त, वर पैसे. तीन आठवड्यांपूर्वीच दुसरीकडे हेच करून आलो होतो. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा एजंटानं पढवल्याप्रमाणे म्हणालो, "सहा महिने झाले."

सकाळी उपाशीपोटी गोळी दिली. हातात सुई तशीच ठेवून ठरल्या वेळी रक्त काढत राहिले. दुपारी लघवीला उठलो आणि दारातच पडलो. सलाईन लावताना त्यांनी परत विचारलं. मी परत तेच सांगितलं.

नंतर समजलं, तिथं स्वस्त गोळीची मूळ गोळीशी बरोबरी तपासत होते: रक्तात औषध किती चढतं, किती वेळात उतरतं. आधीचं औषध अंगात उरलं असेल तर तो आकडा खोटा. त्या आकड्याच्या भरवशावर उद्या बीपीची एखादी गोळी आमच्या आईच्याच हातात पडायची. पढवलं एजंटानं, पण बोललो मी.

माणसावर औषध तपासणं नवं नाही. 1897 च्या जानेवारीत मुंबईत शास्त्रज्ञ हाफकिन यांनी आपण बनवलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या तयार झालेल्या कैद्यांना. कैद्याचा होकार कितपत होकार म्हणायचा? नडीला आलेल्या माणसाचाही तसाच.

म्हणून जाऊ नका असं मी म्हणत नाही. कुणीतरी गेल्याशिवाय औषध येत नाही. पण औषध-चाचण्यांच्या 2019 च्या नियमांप्रमाणे माहितीपत्रक तुम्हाला कळेल अशा भाषेत हवं; आपल्याकडच्यांपुढं कन्नड ठेवतील, मराठीच वाचता येत असेल तर मराठी मागा, लाजू नका. चाचणी मधूनच सोडता येते, कारण सांगावं लागत नाही. तिच्यामुळं इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाईही. आणि विचारतील ते खरं सांगा: आधीची चाचणी, चालू गोळ्या, वैदूचा काढा, गुटखासुद्धा. परत पाठवलं तर भाडं गेलं समजा. सही केलेली प्रत घरी आणा; तिच्यावर डॉक्टरांचा आणि चाचणीवर लक्ष ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीचा फोन नंबर असतो.

घरी आल्यावर फोन करून खरं सांगावं असं मला वाटलं होतं. माझी प्रत मी तिथल्या पलंगावरच सोडून आलो होतो.