जखमा भरण्याचं शास्त्र : बारावीनंतरची एक वाट

बारावी सायन्सला मूल असलेले चिखलीतले आईवडील बहुतेक एकच विचारतात : नीटला नंबर लागला नाही तर पुढे काय? त्यांना मी हल्ली एका ड्रेसिंगबद्दल सांगतो.

ही एक पारदर्शक, लिबलिबीत चकती. हाताला गार लागते, कारण तिच्यात बरंचसं पाणीच असतं. तिला हायड्रोजेल म्हणतात. शुगरच्या पेशंटच्या पायावरची गॉजपट्टी सोडवताना नुकती धरलेली त्वचाही तिच्याबरोबर निघते आणि माणूस कळवळतो. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांना हे सांगायला नको. हायड्रोजेल तसं चिकटत नाही आणि जखम ओलसर ठेवतं. ‘जखम उघडी ठेवा, वाळू द्या’ असं आपल्याकडे अजून सांगतात. पण ओलसर जखम लवकर भरते, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्येच डुकरांवरच्या प्रयोगातून दाखवलं होतं.

असं ड्रेसिंग मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तयार केलं. पीव्हीए नावाचा पॉलिमर पाण्यात विरघळवून त्यावर किरणोत्सर्ग सोडला, की पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींत गुंततात, जेल बनतं आणि त्याच वेळी निर्जंतुकही होतं. हे काम रसायन आणि भौतिकशास्त्र शिकलेल्यांचं आहे. पेशंटची सेवा करायला एमबीबीएसच लागतं, हा समज म्हणूनच सोडायला हवा.

पुढचं संशोधन जेलमध्ये स्टेम सेल्स, म्हणजे मूळ पेशी, घालण्याचं. नुसत्या सोडल्या तर त्या जखमेत टिकत नाहीत. जेल त्यांना धरून ठेवतं आणि त्यांच्या स्रावांमुळे नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत होते. त्वचेच्या मूळ पेशींची ताकद केवढी असते? जर्मनीत एका सात वर्षांच्या मुलाची सुमारे ८० टक्के त्वचा प्रयोगशाळेत वाढवलेल्या, जनुक दुरुस्त केलेल्या पेशींपासून नव्याने बसवली गेली. २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं.

मात्र भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही विकारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचे उपचार क्लिनिकल ट्रायलबाहेर करता येत नाहीत. त्यामुळे ‘सहा महिन्यांत स्टेम सेल थेरपिस्ट’ असा कोर्स कोणी विकत असेल, तर एक रुपयाही भरू नका.

वाटा कोणत्या? सगळ्यात जवळची चिखलीतच आहे : अनुराधा फार्मसी कॉलेज. बी. फार्म.नंतर जीपॅट ही प्रवेश परीक्षा देऊन फार्मास्युटिक्समध्ये एम. फार्म. केलं, की जेल बनवणं हा अभ्यासाचाच भाग होतो. रसायन आवडत असेल तर बी.एस्सी., मग जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी. आणि पुढे पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. जीवशास्त्र आवडत असेल तर गॅट-बी ही प्रवेश परीक्षा देऊन बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. आणि पुणे विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र. इंजिनिअरिंगकडे ओढा असणाऱ्यांनी रासायनिक तंत्रज्ञान संस्थेचा (आयसीटी) जालन्याचा कॅम्पस बघावा. तो आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे.

खर्चाचं आणि वेळेचं स्पष्ट बोलू. नुसत्या बी.एस्सी.वर या क्षेत्रात फारसं काही हाती लागत नाही. पीएच.डी.पर्यंत दहा वर्षं धरून चला. पण नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये मिळतात आणि तिथून घरचा भार हलका होतो. ज्यांना एवढं थांबायचं नाही, त्यांना बी. फार्म.नंतर ड्रेसिंग आणि वैद्यकीय साधनं बनवणाऱ्या कंपन्यांत उत्पादन किंवा गुणवत्ता तपासणीचं काम करता येतं. त्यासाठी पुणे-मुंबईकडे जायची तयारी हवी, मुलींचीही. आणि मुलींना पाठवायची तयारी आईवडिलांची.

नीटसाठी दुसऱ्यांदा क्लासची फी भरण्याआधी एक करा. परवानगी घेऊन मुलाला किंवा मुलीला एखाद्या फार्मसी कॉलेजच्या लॅबमध्ये तासभर न्या, जेल कसं तयार होतं ते दाखवा आणि घरी आल्यावर फॉर्म कुठला भरायचा ते त्यांनाच विचारा.